फोन आला नाही की पोटात गोळा येतो

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की आमचे हे फौजेत होते आणि १९९३-९४ साली त्यांची पलटण यूएनच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या, शांतता मिशनवर सोमालियाला गेली तेव्हा मी सोलापुरात एकटी कशी राहिले ते कधीतरी सांगीन. झालं, पत्रं, मेसेज, एक बाई तर थेट नवी पेठेत भाजी घेताना गाठ पडल्या. म्हणून हा महिना सगळा फौजी घरांना.

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते. मिस्टर यूएन मिशनवर साउथ सुदानला गेलेत, एक वर्षासाठी, चार महिने झाले. सुरवातीला रोज फोन यायचा, आता कधी कधी चार-चार दिवस येत नाही. टीव्हीवर सुदानच्या युद्धाची बातमी लागली की हातपाय गार पडतात. रात्री तीनदा उठून व्हॉट्सअ‍ॅपवर लास्ट सीन बघते. मुलगी सहा वर्षांची आहे, ती विचारते, पप्पा वाळूत काय करालेत, तिथं उंट हायत का. तिला काय सांगू? आणि मी रडले की सासूबाई म्हणतात, फौजीची बायको अशी रडती का.

उत्तर : रडती की. मी तर पिठाच्या डब्यात तोंड घालून रडलेय, कारण घरात दुसरीकडे कुठं जागाच नव्हती.

आधी टीव्हीचं बघू. सुदान आणि साउथ सुदान हे दोन वेगळे देश आहेत, ९ जुलै २०११ ला साउथ सुदान वेगळा झाला. तुम्ही टीव्हीवर बघता ते खार्टूमचं युद्ध एप्रिल २०२३ ला सुरू झालं, ते उत्तरेच्या देशातलं. आपल्या पलटणी असतात त्या दक्षिणेत, मलाकाल, बोर, रेंक अशा ठिकाणी. आता रेंक सीमेजवळच आहे, उत्तरेतून पळून आलेली माणसं तिथूनच आत येतात, त्यामुळे काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. आणि दक्षिणेतही सगळं शांत आहे असंही नाही, एप्रिल २०१३ ला तिथं ताफ्यावर हल्ला झाला त्यात आपले पाच जवान गेले. हे मी लपवून ठेवलं तर तुम्ही माझ्या बाकीच्या बोलण्यावर पण विश्वास ठेवणार नाही. पण बातमीत नुसतं सुदान असा शब्द आला की लगेच आपला माणूस, हे जोडणं सोडा. नकाशा भिंतीवर लावा, त्यांची जागा पेनानं गोल करा, बातमी आली की आधी अंतर बघा, मग काय घाबरायचं ते घाबरा.

मुलीला पण त्याच नकाशावरनं सांगा. तिथं अर्धं वर्ष नुसता फुफाटा असतो, उन्हाळा आपल्या मे महिन्यासारखा, आणि पाऊस लागला की तीच जमीन चिखल होते. आपली काळी कापशी माती पावसात चपलेला कशी धरते, तसलीच माती आहे तिथं. गाड्या रुततात, रस्ते बंद पडतात, मग बरंच काही हेलिकॉप्टरनं न्यावं लागतं. त्यामुळे पप्पा वाळूत नाहीत, पप्पा चिखलात आहेत हे सांगितलं तर पोरगी खूश होईल, उंटापेक्षा चिखल तिच्या जास्त ओळखीचा आहे.

आता फोन. चार दिवस फोन नाही म्हणजे बहुतेक वेळा गस्तीवर गेलेत, नाहीतर नेटवर्क नाही, नाहीतर कॅम्पात पन्नास जणांत एकाच वायफायवर रांग आहे. पण हे तुम्हाला कुणी आधी सांगितलंच नसेल तर रात्री दोन वाजता ते सुचत नाही, सुचतं ते भलतंच. म्हणून पुढच्या फोनवर एकदा बसून ठरवून घ्या, की पाच दिवसांपर्यंत फोन नाही आला तर ते नॉर्मल, सहाव्या दिवशी तुम्ही पलटणीच्या मागं राहिलेल्या ऑफिसला फोन करायचा आणि तो नंबर कुणाचा ते पण लिहून घ्यायचं. कॅलेंडरवर ती तारीख खुणेनं लावून टाका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ऑगस्ट १९९४ मध्ये रेडिओवर बातमी आली, सोमालियात भारतीय जवान ठार, नाव नाही, पलटण नाही, आणि मग त्याच महिन्याच्या शेवटी तिथल्याच बैदोआ गावात आपले तीन डॉक्टर मारले गेल्याची. आमच्या गल्लीत फोन नव्हता, सात रस्त्याला एसटीडी बूथवर जाऊन मी कुणाला फोन करायचा हेच मला माहीत नव्हतं. बूथवाल्याला म्हणाले, फौजेला लावा. तो बिचारा हसला पण नाही. एक लक्षात ठेवा, काही वाईट घडलंच तर फौज आधी कागदावर ज्याचं नाव नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सगळ्यात जवळचं माणूस, म्हणून दिलंय त्याला कळवते, टीव्हीवर नाव नंतर येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्या तरी फौजी ग्रुपात आलेलं नाव, फोटो, त्यावर काडीचा विश्वास ठेवू नका, आणि तुम्ही पण त्यांचा वर्दीतला फोटो आणि कॅम्पचं नाव स्टेटसला ठेवू नका.

वेळेचं पण एक आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. पोरीला झोपवायच्या आधी रात्री नऊला तुम्ही फोनची वाट बघता तेव्हा तिथं संध्याकाळचे साडेपाच, हजेरी, ड्यूटी बदलायची वेळ. रविवारी दुपारी दीडला बघा, तिथं सकाळचे दहा.

अजून एक सांगते, हे कुणी बोलत नाही. आमचे हे सप्टेंबर १९९३ ला गेले आणि ३० तारखेला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूर हललं, आमच्या भिंतीला चीर गेली, आठवडाभर आम्ही अंगणात झोपलो, बाकी सगळे ठीक. पण त्यांनी तिथं ट्रान्झिस्टरवर ऐकलं, महाराष्ट्रात भूकंप, हजारो माणसं गेली. त्यांना अकरा दिवस आमची काही खबर नव्हती. अकरा! परत आल्यावर एकदाच बोलले त्याबद्दल, गोळीची भीती त्या दिवसांइतकी वाटली नाही म्हणाले. तेव्हा तुम्ही लास्ट सीन बघता तसं तिकडं पण कुणीतरी तुमचं लास्ट सीन बघतंय. फोन लागला नाही तरी रोज एक व्हॉइस मेसेज टाकून ठेवा, नेटवर्क आलं की सगळे एकदम पडतील. त्यात 'कसे आहात, काळजी घ्या' नको. आज नळाला पाणी आलं, सासऱ्यांनी शेजाऱ्याशी भांडण केलं, पोरीचा दात पडला असलं टाका. घरात काही बिघडलं असलं तर ते पण सांगा, फक्त सोबत काय केलं ते पण सांगा. 'आईला ताप आहे' एवढ्यावर मेसेज संपला तर तिकडं रात्रभर झोप नाही. 'आईला ताप होता, डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या चालू आहेत, आज भाकरी खाल्ली' असं पूर्ण सांगा.

आणि सासूबाईंना म्हणावं, ताईंनी सांगितलंय, त्यांनी पण एकदा रडून घ्यावं. मुलगा त्यांचा पण आहे.

प्रश्न : मी रिटायर्ड मिल कामगार, पूर्व भागात राहतो. मुलगा यूएनकडून गोलानला आहे, सिरियाच्या बॉर्डरवर. मी दिवसभर न्यूज चॅनेल लावून बसतो, बायको म्हणते बीपी वाढेल. वाळवंटात पोराचं कसं होत असेल याची काळजी वाटते.

उत्तर : काका, गोलान वाळवंट नाही. उंचावरचा डोंगराळ भाग आहे, हिवाळ्यात तिथं बर्फ पडतो. पोराला उन्हाची काळजी करण्यापेक्षा आतून घालायचा जाड बनियन पाठवा. १९७४ पासून यूएनची माणसं तिथं दोन देशांच्या मधल्या पट्ट्यात बसलीत आणि आपले जवान तिथं बरीच वर्षं सामान-सुमान, गाड्या, रसद ही कामं बघतात.

चॅनेलचं म्हणाल तर संध्याकाळी सातची एक बातमी बघा आणि बंद करा. तेच तेच फुटेज दिवसभर फिरवतात, आपल्याला वाटतं दर तासाला नवा बॉम्ब पडालाय. बाकीच्या वेळात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा, तिथं रिटायर्ड फौजी येऊन बसलेले असतात, चहा होतो आणि खरी माहिती पण मिळते. आणि छाती धडधडणं, झोप न लागणं असंच राहिलं तर १४४१६ लावा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचाच वेगळा सेल डिसेंबर २०२३ ला सुरू केलाय. वेड लागलेल्यांसाठी असतंय ते, असं म्हणू नका, माझ्या काळात असतं तर मी पिठाच्या डब्याऐवजी तिथं रडले असते.

प्रश्न : आफ्रिकेत मिशनवर असलेल्या भावाला काय पाठवता येईल?

उत्तर : शेंगाचटणी. आणि कडक भाकरी. महिनाभर काही होत नाही. चटणी कोरडी कुटा, लसूण आधी भाजून घ्या, डबल पिशवी. कुरियरच्या भरवशावर राहू नका, पलटणीतलं कुणी सुट्टीवर आलं असेल तर त्याच्या हातनं द्या, आणि त्याच्या बॅगेचं वजन विचारून द्या, नाहीतर प्रत्येक घरातनं दोन किलो चटणी गेली तर त्या माणसानं कपडे कुठं घालायचे. लोणचं नको, तेल गळतं आणि सगळ्या बॅगेचा सत्यानाश होतो.

प्रश्न : ताई, सगळे वाट बघण्याबद्दल लिहितात. माझा नवरा मिशनवरून परत येऊन दीड महिना झाला. सत्काराच्या वेळी मी सगळ्यांत जास्त हसत होते. पण आता घरात पाहुणा आल्यासारखं वाटतंय. बोलत नाही, गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत दहा मिनिटांत म्हणाला घरी चल. मी वर्षभर सगळे निर्णय घेतले, आता प्रत्येक गोष्टीत हे असं का, ते तसं का. मुलगा आठ वर्षांचा, काही विचारायचं असलं की बापासमोर मलाच विचारतो, मग नवरा चिडतो. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही आणि त्यांचं पण नाही. वर्षभर त्यांच्या मनात घर होतं तसंच थांबलेलं होतं आणि तुम्ही इकडं ते चालवून पुढं नेलं. गॅसचा नंबर बदलला, पोराची शाळेची बस बदलली, तुम्ही स्कूटर शिकलात. त्यांना वाटतंय आपली जागा कुणीतरी भरून टाकली. सगळे कारभार एकदम परत देऊ नका आणि सगळे धरून पण बसू नका. एक काम पूर्ण द्या. पोराला शाळेत सोडणं द्या, त्यात तुम्ही बोलायचं नाही, उशीर झाला तरी. रस्त्यात पोरं बापाशी जे बोलतात ते घरात बोलत नाहीत.

गर्दीचं जबरदस्ती नको. पुढच्या वर्षी जातील. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडनं नुसतं चालून या दोघं, बोललेच पाहिजेत असं नाही. आमचे हे डिसेंबर १९९४ ला परतले तर तीन महिने फरशीवर झोपायचे, खाटेवर झोप येत नाही म्हणायचे. मी पण खाली गादी टाकली. पण झोपेत ओरडणं, दारू वाढणं, पोरावर हात उचलणं यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, पलटणीच्या आरएमओला, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरला, नाहीतर मिलिटरी हॉस्पिटलात दाखवायचंच, आणि त्यानं सर्व्हिस रेकॉर्डचं काय होईल याचा विचार नंतर.

आणि हे महत्त्वाचं, आफ्रिकेतून आलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप आला, क्वचित त्यानंतरही, तर गल्लीतल्या डॉक्टरकडनं नुसती तापाची गोळी घेऊन घरी बसायचं नाही. तिथला मलेरिया वाईट असतो, मेंदूपर्यंत जातो. पहिल्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं की हे आफ्रिकेतून आलेत, ते विचारतीलच असं नाही.

आमच्या ह्यांना तिथनं अजून एक सवय लागली होती, अर्ध्या बादलीत आंघोळ. उरलेलं पाणी तसंच ठेवायचे, कुणी ओतलं की चिडायचे. पण आपल्या सोलापुरात नळाला चार दिवसाआड पाणी, त्यामुळे सासूबाई गल्लीभर सांगत फिरल्या, फॉरेनला जाऊन माझा पोरगा किती शहाणा होऊन आलाय बघा.