एकच घ्या, जोडी नको

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची, गेले सहा महिने हॅमस्टर पाहिजे म्हणून डोकं खाल्लंय. कुत्रा झेपणार नाही, मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, त्यामुळे हॅमस्टर सोपा पडेल असं वाटतं. दुकानदार म्हणतो जोडी घ्या, एकटा उदास होतो, आणि दोन मजली रंगीत पिंजरा स्वस्तात देतो. घेऊ का? – एक आई, घणसोली

उत्तर : ताई, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, जोडी तेवढी घेऊ नका. आमच्याही गळ्यात अशीच एक जोडी मारली होती, ठाण्यातच, "दोन्ही माद्या आहेत साहेब, बहिणी बहिणी". तिसऱ्या आठवड्यात सकाळी बघतो तर पिंजऱ्यात सोललेल्या शेंगदाण्याएवढी आठ गुलाबी पिल्लं, आणि त्यातली एक "बहीण" कान फाटून कोपऱ्यात बसलेली. सिरियन (हा हॅमस्टरचा मोठा प्रकार) मादी १६ दिवसांत विते, म्हणजे तुम्ही त्याचं नाव काय ठेवायचं यावर घरात भांडताय तोवर बारशाची वेळ येते. आणि मोठा झालेला सिरियन दुसऱ्या सिरियनला जवळ उभा करत नाही, सख्खं भावंड असलं तरी, जीव जाईपर्यंत मारामारी होते. उदास वगैरे काही नाही हो, एकटं राहणं हाच त्याचा स्वभाव.

पहिल्यांदाच घेताय तर सिरियनच घ्या. ड्वार्फ म्हणजे बुटके प्रकार छोटे आणि गोड दिसतात पण त्यातला रोबोरोव्स्की म्हणजे हातातून पारा निसटावा तसा निसटतो, नऊ वर्षांच्या मुलीला तो फक्त पळतानाच दिसेल. दुकानात शक्यतो संध्याकाळी जा, दिवसा सगळेच झोपलेले असतात, आजारी कुठला आणि झोपाळू कुठला कळणारच नाही. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, आणि शेपटीखाली ओलसर घाण नको. ती असेल तर त्या पिंजऱ्यातला कुठलाच घेऊ नका, "वेट टेल" म्हणतात त्याला, जुलाब लागतात आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. २०१८ च्या नियमांप्रमाणे पेट शॉपला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ती आहे का हे सरळ विचारा, लाजायचं काय त्यात.

आता मुलीबद्दल. हा प्राणी रात्रीचा. ती शाळेतून येईल तेव्हा हा गाढ झोपलेला, आणि तिची झोपायची वेळ झाली की हा आळस देत बाहेर. झोपेतून उचललं की चावतो, आणि दात चांगले लागतात. मांडीवर घेऊन कुरवाळायचा प्राणी हवा असेल तर हा नव्हे, हा बघायचा प्राणी आहे. पण बघण्यासारखं असतं एवढं नक्की! आमचा ढेमसं (अंगाने तसाच होता) रात्री अकराला वाटीतली ज्वारी एकेक दाणा करत दोन्ही गालांत कोंबायचा, मग फुगलेलं तोंड घेऊन बिळात जायचा आणि पुढच्या दोन पायांनी गाल मागून पुढे दाबत सगळा माल ओतायचा, मोजल्यासारखा. आम्ही टीव्ही बंद करून ते बघायचो.

पाळीव सिरियन हॅमस्टर मूळ आले ते सीरियातल्या अलेप्पोजवळून. १९३० मध्ये इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं पकडली, आज घराघरांत असलेले बहुतेक सगळे त्याच कुटुंबाचे वंशज. हे सांगायचं कारण, लोक म्हणतात वाळवंटाकडचा ना तो, मग उन्हाळ्याचं काय एवढं. अहो, तिथे भर उन्हाच्या वेळी तो जमिनीखाली गार बिळात असतो! तुमच्या घणसोलीच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात बीळ कुठून आणणार? ३० डिग्रीच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, उष्माघाताने मरतात. बाल्कनीत, खिडकीच्या उन्हात कधीच ठेवू नका, घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीलगत ठेवा, आत एक लादीचा तुकडा टाका, त्यावर पोट टेकून पसरतो. लाईट गेली तर बाटलीत बर्फ करून नॅपकिनमध्ये गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवायची. एसी असेल तर २४-२५ वर बास, थेट झोत नको.

म्हणून तो रंगीत दोन मजली पिंजराही नको. पैसे तिथेच वाया जातात सगळ्यांचे. त्याला मजले नकोत, खणायला जागा हवी, निदान १०० बाय ५० सेंटीमीटर तळ आणि वर ८ इंच तरी बेडिंग, म्हणजे खणायला पसरायचा थर. ठाण्यात जांभळी नाक्याला नाहीतर वाशीच्या बाजारात प्लास्टिकवाल्याकडे मोठ्यात मोठा स्टोरेज बॉक्स बघा, झाकणाचा मधला भाग कापून बारीक जाळी बसवा, मिस्टरांचा एक रविवार जाईल फार तर. बेडिंग कागदाचं, बिनवासाचं. दुकानातला देवदार-पाइनचा भुसा नको, त्याच्या वासाने आणि धुळीने श्वासाचा त्रास होतो, आणि तो मऊ कापसासारखा "नेस्टिंग" मालही नको, पायाला गुंडाळला जातो. व्हील (त्याचं पळायचं चाक) ८ इंचाच्या वरचं आणि सलग पृष्ठभागाचं, तारांचं नको, पाय अडकून मोडतो. पळताना पाठ वाकली तर व्हील लहान आहे. रात्री दोनला ते कर्र कर्र वाजतं तेव्हा ॲक्सलला थोडं खोबरेल लावायचं, हा आमचा स्वतःचा शोध. आंघोळ पाण्याने कधीच नाही, एका वाडग्यात स्वच्छ कोरडी वाळू ठेवा, तो आपला आपण लोळतो.

खायला तुमच्या घरातच निम्मं आहे, ज्वारी, बाजरी, ओट्स, मोड आलेले मूग, काकडीची चकती, कधीतरी उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. रोज दोन छोटे चमचे पुरे. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्याचा वडापाव, रोज नको. कांदा, लसूण, संत्रं-मोसंबी, चॉकलेट, चिवडा बंद. पावसाळ्यात धान्य डब्यातच ठेवा आणि त्याने साठवलेला ढीग अधूनमधून बघत चला, दमट हवेत बुरशी धरते. सगळा ढीग मात्र उपसू नका, फार मनाला लावून घेतो.

आयुष्य दोन-तीन वर्षांचं, हे मुलीला आधीच सांगा. आणि डॉक्टर आधी शोधा, प्राणी नंतर. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅमस्टर बघत नाहीत, जवळ कोणी नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला फोन करून विचारा. घरातलं अँटिबायोटिक मनाने देऊ नका, अमॉक्सिसिलिनसारखं औषध त्याच्या पोटातले जंतू बिघडवून जीव घेतं. आणि पिंजरा साफ करणं तुमच्याकडेच येणार, मुलीच्या शपथा कितीही ऐकल्या तरी.

प्रश्न : नातवाने हॅमस्टर आणलाय. उंदीरच की तो! इथे पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, तो ताप) पेशंट असतात, घरात लेप्टो येईल का? – एक आजोबा, नौपाडा

उत्तर : काका, शंका अगदीच चुकीची नाही. लेप्टो पसरतो तो मुख्यतः उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, आणि हॅमस्टरलाही तो होऊ शकतो. पण घरातल्या घरात असलेल्या, गटाराच्या उंदरांशी संबंध न आलेल्या हॅमस्टरकडून धोका कमी. पिंजरा आणि त्याचं धान्य उंदीर पोचणार नाहीत असं ठेवा, तळमजल्यावर राहत असाल तर जास्तच. पिंजरा साफ करून झाल्यावर साबणाने हात, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर त्याची वाटी धुवायची नाही. हातावर जखम असेल तर ग्लोव्हज.

प्रश्न : गणपतीला आम्ही आठ दिवस गावी जातो, कणकवलीला. हॅमस्टरला सोबत नेलं तर? – वाचक, कळवा

उत्तर : नका नेऊ. दहा-बारा तासांचे हादरे, उकाडा, आणि गावच्या घरात मांजर. एक दिवस धान्य-पाणी ठेवून चालतं, आठ दिवस नाही, कोणीतरी रोज येऊन पाणी बदलून तो हलतोय का बघायला हवं. आम्ही चावी शेजारच्या काकूंकडे द्यायचो. फक्त काय द्यायचं नाही तेही लिहून ठेवा, एका वर्षी काकूंनी प्रेमाने ढेमसंला मोदकाचा तुकडा दिला, त्याने तो गालात भरला, गुळाचं सारण आत चिकटून बसलं, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतून वाट काढत काकूंना डॉक्टरकडे पळावं लागलं.