कर्जातून काढलेला दशांश

ती वावरातून तशीच माझ्याकडे आली होती. पदराला कापसाची रुई चिकटलेली, हातात पोराची वही. यवतमाळ जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू. नवरा दारातच थांबला, आत येईना.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब होता. जूनमध्ये पीककर्जाचे ८०,००० आले. त्यातले ८,००० तिने दशांश म्हणून, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग म्हणून, गुपचूप चर्चच्या अर्पणात टाकले. पुढे खताला पैसे कमी पडले, कृषी केंद्रात उधारी झाली. दिवाळीनंतर बोंडांत गुलाबी अळी निघाली.

“ताई, माह्या देण्यात काही खोट रायली काय? बायबलात मलाखीच्या पुस्तकात लिवलं आहे, दशांश आणा, मंग पीक खाणाऱ्याले देव धमकावते.”

ही भीती मी फार घरांत पाहिली आहे, आणि ती घालणाऱ्यांचा मला राग येतो. २०१७ मध्ये याच अळीने विदर्भभर कपाशी खाल्ली. दशांश देणाऱ्यांचीही खाल्ली, न देणाऱ्यांचीही. दशांश म्हणजे पीकविम्याचा हप्ता नव्हे, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी तेव्हा कुठे थांबलं.

मग वहीवर बोट ठेवलं. हे ८०,००० उत्पन्न नाही, बँकेचं देणं आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात दशांश सांगितलाय तो शेतात पिकलेल्याचा. आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो, ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून दान मान्य होतं, नाही त्यावरून नाही. कुढत किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये, हेही त्यानेच लिहिलंय. नवऱ्यापासून लपवून दिलेल्या दानात घोर किती होता, ते तीच सांगत होती.

नवरा एव्हाना खुर्चीवर येऊन बसला होता. त्याचा राग देण्यावर नव्हताच. “मले इचारलं असतं तं म्या काय नाई म्हटलं असतं?” ती काही बोलली नाही. वही त्याच्याकडे सरकवली.

यापुढे माल विकला की दोघांनी मिळून लिहायचं, बी-खताचा खर्च आणि उधारी आधी मांडायची, उरेल त्यातून मनाने ठरवायचं, असं बोलणं झालं. खर्च वजा करावा की नाही यावर चर्चच्या पाळकांत मतभेद आहेत. कर्जात बुडालेल्या घराला मी तरी वजा करायलाच सांगते.

उठताना त्याने विचारलं, “नगद नसली तं तूर चालते काय?”

मी तोच अध्याय पुन्हा उघडला. मूळ दशांश पिकाचाच, वाट लांब असेल तरच विकून पैसा न्यायची मुभा. आणि दर तिसऱ्या वर्षीचा गावातच ठेवायचा, लेवी (स्वतःची जमीन नसलेले देवाचे सेवक), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून.

“आमच्या बाजूले एक म्हातारी एकटीच रायते,” तो बायकोला म्हणाला. “तिची पायली पयले काढू.”