लाल द्रवाचं पेट्रोल गेज: टाकीतलं युनिट बदलायच्या आधी हे वाचा

तुमची १९३३ ची फोर्ड व्ही-८, टाकी भरली तरी गेज अर्ध्यावर, थोडी फिरवली की वर चढतं आणि सकाळी पाहावं तर शून्य, आणि गॅरेजवाला टाकीतलं युनिट बदलायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचल्यावर राहवलं नाही, कारण माझ्या १९३४ च्या गाडीचं दुखणं अगदी हेच होतं. गॅरेजवाला म्हणतो म्हणून टाकीतलं युनिट एवढ्यात बदलू नका. गाडी हलताना पेट्रोल हिंदकळतं, त्यातून ते युनिट हवा पकडतं आणि तिचा दाब तांब्याच्या बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत पोचून गेजमधला लाल द्रव वर ढकलतो. फिरवल्यावर गेज चढतंय, म्हणजे युनिट काम करतंय. हवा वाटेत गळतेय. बहुतेक वेळा त्या नळीच्या टोकाच्या फिटिंगमध्येच.

आता महत्त्वाचं. नळी साफ करायला कुणालाही कॉम्प्रेसर लावू देऊ नका. मी गाडी एका नावाजलेल्या मीटर दुरुस्तीवाल्याकडे दिली होती. त्यांनी गेजकडची नळी न सोडवताच टाकीकडून हवा मारली. आतला सगळा द्रव उडाला. मला न सांगता त्यांनी रंगीत पाणी भरून दिलं. दिसायला हुबेहूब! पण मूळ द्रव, टेट्राब्रोमोइथेन, पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असतो. टाकीत समजा १२ इंच पेट्रोल असेल तर तो ३ इंच चढतो, पाणी मात्र ९ इंच चढणार. म्हणजे टाकी एक तृतीयांश असली तरी गेज ‘फुल्ल’. त्या भरवशावर निघालो आणि खंबाटकी घाटात, मागे ट्रकची रांग लागलेली असताना, पेट्रोल संपलं. जाब विचारला तर उत्तर काय, तर जुन्या गाड्यांचं असंच असतं, इलेक्ट्रिक गेज बसवून टाका. फोर्डनं १९३५ पासून इलेक्ट्रिक गेज दिलं हे खरं, पण त्यासाठी आपला मूळ डॅश कापायचा, हे माझ्या मते पाप आहे. कुणाला पटणार नाही, पण मी मत बदलणार नाही.

तर तपासणी अशी करा: नळी गेजपासून सोडवा. आता द्रव बरोबर शून्यावर उभा राहिला पाहिजे. नसेल तर द्रव कमी-जास्त आहे. मग नळीत डॅशकडून टाकीकडे हातपंपानं बराच वेळ हवा मारा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका, आणि एक थेंब अडकला तरी गेज खोटं बोलतं. फिटिंग बेतानं आवळा, जोर लावलात तर आतली पितळी रिंग चेपते.

मी मेकॅनिक नाही, हे माझ्या गाडीपुरतं. तो द्रव विषारी आहे, हातमोजे घाला, वाफ हुंगू नका, लहान मुलांना लांब ठेवा.

आणि टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तपासा. ते बुजलं असेल तर टाकीत ओढ तयार होते आणि बाकी सगळं ठीक असूनही गेज कमीच दाखवतं. माझ्या झाकणात रंगाचा थर बसला होता.