वाचकांचे प्रश्न : चिप लेआउटमध्ये माउसच्या रेघा आणि बटणे

प्रश्न : आधीच्या नोकरीत मेंटर ग्राफिक्सच्या साधनात माउसचे मधले बटण दाबून इंग्रजी सी काढला की कॉपी आणि डी काढला की डिलीट होत असे. आता काम केडन्स व्हर्च्युओसो या लेआउट सॉफ्टवेअरवर आहे. इथे तशी सोय करता येईल का?
– लेआउट अभियंता, पुणे

उत्तर : आकार काढायची सवय बाजूला ठेवावी लागेल, पण हाताचा वेग बराचसा परत मिळवता येतो. व्हर्च्युओसोच्या बाइंडकीमध्ये, म्हणजे की किंवा बटणाला कमांड जोडण्याच्या सोयीत, रेघेचा आकार पाहिला जात नाही. कोणते बटण, सोबत शिफ्ट किंवा कंट्रोल आहे का, नुसता दाब आहे की दाबून ओढले आहे, एवढेच पाहिले जाते. ओढण्याला तिथे 'ड्रॉ-थ्रू' म्हणतात. उजव्या बटणाची ओढ म्हणजे ड्रॉ-थ्रू-३. ती एकटी, शिफ्टसह आणि कंट्रोलसह अशा तीन कामांना वापरता येते.

आधी प्रयोग करा, फाइलला हात नंतर लावा. कमांड इंटरप्रिटर विंडोमध्ये ऑप्शन्स, त्यात बाइंडकीज उघडा. अॅप्लिकेशनच्या जागी 'लेआउट' द्या आणि सध्याची यादी दाखवायचे बटण दाबा. ती यादी एका फाइलमध्ये जपून ठेवा, परत फिरायचे असेल तर तोच आधार. मग बटणाचा रकाना भरा : आधी मॉडिफायरचे, म्हणजे शिफ्ट किंवा कंट्रोलचे, नाव (काही नको असेल तर 'नन'), त्याला चिकटून कोनी कंसात ड्रॉ-थ्रू-३. पुढच्या रकान्यात व्हर्च्युओसोच्या स्किल भाषेतले फंक्शन, शेवटी रिकामे गोल कंस. फंक्शनचे नाव माहीत नसेल तर लॉग फिल्टरमध्ये इनपुट दाखवायला सांगा आणि तेच काम एकदा मेन्यूतून करा. खालच्या विंडोत नेमके फंक्शन उमटते, तेच उचला. अंदाजाने नाव लिहू नका. स्किलमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो.

'ईएफ' असा आणखी एक रकाना असतो. एखादी कमांड अर्धवट चालू असताना, म्हणजे आयत काढताना किंवा तार ओढताना, ते बटण काय करेल ते तिथे ठरते. डाव्या बटणाच्या ओढीचा हा रकाना बदलला की ओढून बिंदू देणे बंद पडते, आणि साधनच बिघडले असे वाटू लागते. म्हणून डाव्या बटणाला हात लावू नये, हा आमचा आग्रह आहे.

फॉर्ममधला बदल त्या सत्रापुरताच टिकतो. कायम करायचा तर डॉट-सीडीएसइनिट या सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये 'हाय-सेट-बाइंड-की'ची ओळ लिहा. नाव सलग, त्यातले सेट, बाइंड आणि की यांचे पहिले अक्षर मोठे. कंसात तीन गोष्टी येतात : अॅप्लिकेशन, बटण, कमांड, आणि तिन्ही अवतरणचिन्हांत. कमांडच्या आतच अवतरणचिन्ह येत असेल, जसे खिडकी सरकवणाऱ्या 'जी-ई-स्क्रोल'ला दिशेचे अक्षर देताना येते, तर आतल्या प्रत्येक चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ हवी. ती राहिली की फाइलचे वाचन तिथेच थांबते आणि त्याखालची एकही ओळ लागू होत नाही. 'माझ्या निम्म्या कीज चालतात' या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

अजून दोन सापळे. कंपनीची बाइंडकी फाइल तुमच्या ओळींनंतर लोड झाली तर तिचेच चालते, म्हणून तुमच्या ओळी सगळ्यात शेवटी ठेवा. आणि ज्या फोल्डरमधून व्हर्च्युओसो सुरू करता तिथे वेगळी डॉट-सीडीएसइनिट असेल, तर होम फोल्डरमधली वाचली जात नाही. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये शेवटी 'लोड'ची एक ओळ घालून तुमची फाइल मागवा.

कॉपी आणि मूव्ह ओढीवर बसवण्याआधी यूजर प्रेफरन्सेसमधले 'इन्फिक्स' पाहा. ते चालू असेल तर कमांड सुरू होताना कर्सर असेल तोच पहिला बिंदू धरला जातो. कीबोर्डवरून हे फार सोयीचे, पण ओढीनंतर कर्सर रेघेच्या शेवटी पोचलेला असतो, त्यामुळे संदर्भबिंदू भलतीकडेच पडतो. म्हणून ओढीवर झूम, सरकवणे, मागचे दृश्य अशी फक्त पाहण्याची कामे ठेवावीत आणि बदल करणारी कामे कीबोर्डवर. डिलीट तर ओढीवर नकोच.

प्रश्न : रेघ ओळखणाऱ्या साधनात तीच खूण कधी चालते, कधी नाही. हात तर तसाच फिरतो. चूक कुठे होते?
– बंगळूर

उत्तर : हात तसाच फिरत नाही, हेच कारण आहे. अशी साधने तुमच्या रेघेभोवती एक चौकट कल्पून तिचे तीन गुणिले तीन घरांत भाग करतात. वरच्या ओळीत १, २, ३, मधल्या ओळीत ४, ५, ६ आणि खाली ७, ८, ९. रेघ ज्या क्रमाने घरांतून जाते तो आकडा म्हणजे खूण. सी म्हणजे ३२१४७८९, डी म्हणजे ७४१२३६९८७, यू म्हणजे १४७८९६३.

आता डावीकडून वरून उजवीकडे खाली तिरपी रेघ घ्या. आदर्श आकडा १५९. पण १ वरून ५ कडे जाताना रेघ २ ला किंवा ४ ला चाटून जाऊ शकते आणि ५ वरून ९ कडे जाताना ६ ला किंवा ८ ला. म्हणजे १२५९, १४५९, १५६९, १५८९, १२५६९, १२५८९, १४५६९, १४५८९ हे आठही आकडे त्याच रेघेचे. एकच आकडा नोंदवला असेल तर बाकीच्या आठ वेळी खूण नापास. नऊच्या नऊ नोंदवा आणि सगळ्यांना तीच कमांड द्या.

गोलसर खुणांत उलट घडते, कोपऱ्यातले घर सुटते. सी जरा गोल काढला की १ किंवा ७ किंवा दोन्ही गळतात. म्हणून ३२१४७८९ सोबत ३२४७८९, ३२१४८९ आणि ३२४८९ हेही नोंदवा. एवढे केल्यावर यादी एकदा क्रमाने लावून पाहा. एकच आकडा दोन कमांडना दिला गेला असेल तर तो तिथे दिसेल. नवीन खुणा ठरवताना शक्यतो सरळ किंवा एका काटकोनाच्या घ्या, उदाहरणार्थ १४७८९. फार लहान रेघ काढू नका. मोजकेच बिंदू मिळाले की घरे नीट ठरत नाहीत, आणि मंद दूरस्थ जोडणीवर बिंदू आणखी कमी पोचतात.

प्रश्न : माउसच्या अंगठ्याकडच्या दोन बटणांवर 'फिट' (सगळे लेआउट खिडकीत बसवणे) आणि 'मागचे दृश्य' हवे आहे. काम व्हीएनसीवरून (दूरच्या यंत्राचा पडदा इथे दाखवणारी सोय) लिनक्स सर्व्हरवर चालते. बटणे दाबली तरी काहीच होत नाही.
– हिंजवडी

उत्तर : बटण साधनापर्यंत पोचते का, ते आधी तपासा. सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये 'एक्सईव्ही' हा माउस-कीबोर्डचे दाब दाखवणारा छोटा प्रोग्रॅम चालवा आणि त्याच्या खिडकीवर बटण दाबा. लिनक्सवरच्या एक्स या खिडक्यांच्या प्रणालीत १, २, ३ ही डावे, मधले, उजवे; चाकाचा वर-खाली प्रत्येक टप्पा म्हणजे ४ आणि ५ चा दाब; आडवे चाक ६ आणि ७; अंगठ्याची बटणे सहसा ८ आणि ९. काहीच उमटले नाही तर व्ह्यूअर ती बटणे पुढे पाठवतच नाही, आणि व्हर्च्युओसोत काहीही लिहून उपयोग नाही.

अशा वेळी तुमच्या समोरच्या यंत्रावरच, माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या बटणांना कीबोर्डची एकेक की नेमा. मग व्हर्च्युओसोत त्या कीला कमांड द्या. की निवडताना एफ-८ टाळा, अनेक व्हीएनसी व्ह्यूअरमध्ये तिच्यावर त्यांचा स्वतःचा मेन्यू उघडतो. ऑल्टसह माउसही टाळा. ऑल्ट धरून ओढले की बऱ्याच लिनक्स डेस्कटॉपवर अख्खी खिडकी सरकते, साधनाला त्याचा पत्ताही लागत नाही. चाक मात्र सहज जमते : 'नन'सह बटण ४ च्या दाबाला 'हाय-झूम-इन-अॅट-माउस', ५ ला त्याचेच झूम-आउट रूप.

प्रश्न : केलेआउट या लेआउट सॉफ्टवेअरमध्ये शॉर्टकट बदलले. पाहण्याचे चालतात, पण बदल करणारे दाबले तर काही होत नाही.
– अभियांत्रिकी विद्यार्थी, नाशिक

उत्तर : प्रोग्रॅम पाहण्याच्या मोडमध्ये उघडला आहे. फाइल, सेटअप, अॅप्लिकेशन, एडिटिंग मोड इथे संपादन मोड कायमचा निवडा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. शॉर्टकट त्याच सेटअपमध्ये 'कस्टमाइझ मेन्यू'खाली आहेत. स्वतःच्या मॅक्रोलाही की देता येते, मॅक्रो विकासाची खिडकी एफ-५ ने उघडते. बदल होम फोल्डरमधल्या डॉट-केलेआउट फोल्डरात 'केलेआउट-आरसी' फाइलमध्ये साठतात. लॅबमध्ये यंत्र बदलावे लागत असेल तर तिची प्रत सोबत न्या.

प्रश्न : मॅजिक या लेआउट सॉफ्टवेअरमध्ये चाकाच्या मॅक्रो (चाकाला जोडलेल्या कमांड) डॉट-मॅजिकआरसीमध्ये लिहिल्या, पण स्काय-१३० या चिप प्रक्रियेच्या प्रोजेक्टमध्ये त्या लागू होत नाहीत.
– कोल्हापूर

उत्तर : स्काय-१३० साठी मॅजिक बहुधा 'आरसीफाइल' हा पर्याय देऊन, पीडीकेची, म्हणजे त्या प्रक्रियेच्या तयार फाइलसंचाची, सुरुवातीची फाइल दाखवून चालवतात. मग तुमच्या फाइलऐवजी तीच वाचली जाते. पीडीकेच्या मूळ फाइलमध्ये बदल करू नका, नवी आवृत्ती बसवली की तो पुसला जाईल. तिची प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये घ्या, अखेरीस 'सोर्स' लिहून तुमच्या मॅक्रोंच्या फाइलचा मार्ग द्या आणि मॅजिकला ही प्रत दाखवा. मॅक्रोत चाकाला 'बटन-४', 'बटन-५' म्हणतात. कंट्रोलसह हवे तर आधी 'कंट्रोल' आणि खालची रेघ. झूमला ०.७०७११ आणि १.४१४२१ हे आकडे द्या. दोन टप्प्यांत दृश्य जवळपास दुप्पट किंवा निम्मे होते आणि उलट फिरवल्यावर जवळपास मूळ मापावर येते. फाइलमध्ये लिहिण्याआधी हीच मॅक्रो मॅजिकच्या टर्मिनलमध्ये टाकून पाहा, ती लगेच लागू होते.