कुयरीच्या धंद्यात उतरणाऱ्या मुलीला

लांजा, फेब्रुवारी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सोबतचा डब्याचा फोटो मी मोठा करून दोनदा पाहिला. लंडनच्या दुकानातला, थायलंडहून आलेला, मिठाच्या पाण्यातला कच्चा फणस. आपण ज्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करून शेजारी वाटी पाठवतो, ती तिकडे पैसे मोजून घेतात, मग माल आपला का नसावा, असं तू विचारलंस. कर्जाचा अर्ज भरण्याआधी विचारलंस हे फार बरं केलंस.

तिकडे फणस घेतात तो त्याच्या धाग्यासाठी. शिजवून काट्याने ओढला की मटणासारखा धागा सुटतो, आणि घालशील त्या मसाल्याची चव तो उचलतो. प्रथिनं मात्र त्यात फारशी नाहीत. 100 ग्रॅममागे जेमतेम दोन ग्रॅम, कोंबडीत वीसच्या वर. म्हणून 'प्रथिनांनी भरपूर' असं पाकिटावर छापायचं मनात असेल तर छापू नकोस. खोटं एकदा उघडं पडलं की ते गिऱ्हाईक परत फिरकत नाही.

आता त्याच डब्याचं वजन वाच. 565 ग्रॅमचा डबा, पण निथळल्यावर फणस साधारण निम्मा. उरलेलं खारं पाणी. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर निघेल तेव्हा त्या पाण्याचंही भाडं तुलाच भरायचं आहे. थायलंडचे कारखाने वर्षानुवर्षं, प्रचंड प्रमाणावर हे करतात, त्यांच्या भावाला तू लांज्यात बसून पुरी पडणार नाहीस. डब्याच्या शर्यतीत उतरू नकोस, असं मला मनापासून वाटतं. पाणी न घालता बंद पिशवीत शिजवलेली कुयरी, नाहीतर फोडी करून गोठवलेली, हा तुझा रस्ता. आणि पहिलं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं धर. तिथे किती घरांत कुयरी आवडते, पण चिकाला भिऊन कुणी ती चिरायला घेत नाही!

परदेशाला नाही म्हणू नकोस, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नकोस. 1 मे 2014 पासून युरोपने फळमाशीच्या कारणाने भारतातला आंबा बंद केला, ते तुझ्या घरानेही सोसलंय. कारलं, वांगं, पडवळ, अळूही त्यात अडकलं. आंब्यावरची बंदी उठायला 2015 चा जानेवारी उजाडला, मधला हंगाम गेला तो गेलाच. 2021 च्या शेवटी कोविडच्या तपासणीपायी चीनच्या सीमेवर ट्रकच्या रांगा लागल्या आणि व्हिएतनामच्या फणसवाल्यांचे भाव कोसळले. त्यांच्या फळात काही खोट नव्हती.

आता झाडांचं. आपला फणस बहुतेक बांधावर, परसात, आठळीपासून, म्हणजे बीपासून उगवलेला. त्यामुळे दोन झाडांचं फळ सारखं नाही. एकाची कुयरी कोवळी असतानाच दुसऱ्याच्या आठळीला टणक साल धरलेली असते. परदेशी खरेदीदाराला प्रत्येक पाकिटात तोच धागा, तीच फोड हवी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण प्रॉलिफिक' कलम लाव, जरूर लाव, पण ते फळायला वर्षं जातील. तोवर आहे त्या झाडांची वही कर. कुणाचं झाड, कापा (घट्ट गऱ्यांचा) की बरका (मऊ गऱ्यांचा), कुयऱ्या कधी लागतात, आठळी कधी टणक होते. व्यापारी येऊन अख्खं झाड नजरेने ठरवून नेतो आणि घरच्या बाईच्या हातात किरकोळ नोटा ठेवतो. तू किलोवर घे, वजन तिच्यासमोर कर. पुढच्या वर्षी तीच तुला निरोप पाठवील.

एक चूक तुला सांगायचीच आहे, कारण ती माझी आहे. पहिल्या वर्षी आम्ही कुयरी बरण्यांत भरली. सायट्रिक आम्ल घालून त्याच संध्याकाळी पाण्याचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप) मोजला, 4.2 आला. 4.6 च्या खाली हवा असतो, मी निर्धास्त झाले. तीन आठवड्यांनी झाकणं फुगली. पाणी आंबट झालं होतं, पण जाड फोडींच्या गाभ्यापर्यंत आंबटपणा पोचलाच नव्हता. अशा बरणीत, झाकण फुगलेलं नसलं तरी, माणूस मारणारं विष तयार होऊ शकतं. सगळा माल खड्ड्यात पुरला. गटातल्या बायकांनी रात्र रात्र बसून चिरलेला माल होता तो, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून फोडी पातळ, आणि काही दिवसांनी त्या निथळून, वाटून मग सामू मोजायचा. अमेरिकेला असा आम्ल घातलेला माल पाठवायचा तर ही सगळी पद्धत आधी तिथल्या अन्न खात्याकडे नोंदवावी लागते. त्याची कटकट वाटून घेऊ नकोस. ती नोंदणी तेव्हा मला करावी लागली असती, तर तो खड्डा खणावा लागला नसता.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान असतं म्हणून यंत्र मोठं घ्यायचा मोह होईल. दोन हंगाम हाताने कर. कुठे किती वाया जातं ते हाताला कळलं की मग यंत्र सांग.

रविवारी सकाळी ये. आमच्या वाडीत आत्ता कुयऱ्या लागल्यात, वही तिथूनच सुरू करू. खोबरेल तेल आणि कोयता घरात आहे. जुने कपडे घालून ये, चिकाचे डाग धुऊन जात नाहीत.

तुझी,
मावशी