निरोगी माणसाच्या रक्तात सायटोकाइन वाढलं तर रोगप्रतिकारक पेशी वाढतात का?

वाढतात, पण कुठलं सायटोकाइन त्यावर आहे. सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना इशारा द्यायला सोडतात ती प्रथिनं. एक प्रकार मी स्वतः अनुभवलाय. थोरल्या भावाला मूळपेशी (ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी बनतात त्या) द्यायच्या होत्या, तेव्हा मला रोज जी-सीएसएफचं इंजेक्शन होतं, वजनाच्या दर किलोमागे 10 मायक्रोग्रॅम. हेही सायटोकाइनच, आपलं शरीर ते एरवी अगदी थोडं बनवतं. आधी माझ्या रक्तात मायक्रोलिटरमागे पांढऱ्या पेशी 6,800 होत्या, पाचव्या दिवशी 46,000! रिपोर्ट बघून मी घाबरले, तर डॉक्टर म्हणाल्या, "अहो, हेच तर हवं होतं."

झालं असं, की अस्थिमज्जेतल्या न्यूट्रोफिलच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) पूर्वज पेशी भराभर वाढल्या, पिकायच्या आधीच काही बाहेर पडल्या, आणि मज्जेला चिकटलेल्या मूळपेशीही सुटून रक्तात आल्या. कंबरेची हाडं आतून ठणकायची ती वेगळीच. इंजेक्शनं थांबल्यावर मात्र आकडा आपोआप खाली आला, कारण न्यूट्रोफिल फार जगत नाहीत, आणि जी-सीएसएफ गिळून संपवतात तेही तेच. जितक्या पेशी जास्त, तितका इशारा लवकर संपतो.

टी-पेशींचं, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं, आणखी गमतीचं आहे. त्यांना जगवणारं सायटोकाइन, इंटरल्युकिन-7, लसिकाग्रंथींतल्या आधारपेशी बनवतात, साधारण ठरलेल्या मापाने. पंगतीला भात ठराविकच शिजवल्यासारखं. केमोथेरपीने टी-पेशी कमी झाल्या की रक्तातलं इंटरल्युकिन-7 उलट वाढतं, कारण जेवणारेच कमी. मग उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं आणि त्या विभागू लागतात. म्हणजे तुम्ही "पातळी जास्त तर प्रतिकारशक्ती जास्त का" असं विचारलंय, तिथे पातेल्यात उरलेला भात बघून किती शिजला होता ते सांगण्यासारखी गत होते.

शिवाय वाढणारी प्रत्येक पेशी लढणारीच असते असं नाही. इंटरल्युकिन-2 1976 साली सापडलं ते टी-पेशी वाढवणारं द्रव्य म्हणून, पण कमी मात्रेत ते मुख्यतः नियामक टी-पेशींना पोसतं, आणि त्यांचं काम लगाम घालण्याचं. त्यामुळे "इम्युनिटी बूस्टर"च्या जाहिराती बघितल्या की मला हसू येतं. नक्की काय वाढवणार?

तुम्ही सायटोकाइन पॅनेल, म्हणजे रक्तातली सायटोकाइन मोजणारी तपासणी, करून घेणार असाल तर एवढं बघा: निरोगी माणसात इंटरल्युकिन-6 हे सायटोकाइन मिलीलिटरमागे जेमतेम काही पिकोग्रॅम असतं, आणि आदल्या दिवशी लांब पळून आलात तर तेही वाढलेलं दिसू शकतं.