शाळेला मिळालेले पैसे कशावर खर्चायचे हे मुलांनी ठरवायचं, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की राजापूर तालुक्यातल्या तुमच्या हायस्कूलला मुंबईच्या माजी विद्यार्थी मंडळाने ३०,००० रुपये दिलेत, त्यांचं काय करायचं हे मुलांनीच ठरवावं असं मुख्याध्यापकांच्या मनात आहे, आणि मुलांना मतदान कसं शिकवावं हा तुमचा प्रश्न आहे. मी देवगड-मालवण भागातल्या काही शाळांना या कामात मदत करतो. मतदानाची काळजी सोडा. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडच्या पोरांनी पडवीत बसून ऐकलेली असते. कुठली वाडी कुणाकडे झुकणार हे ती तुम्हालाच सांगतील. वेळ द्यायचा तो दोन कामांना. आधी मोठ्या माणसांकडून लेखी शब्द घ्या. मग मुलांना दर काढायला लावा.

लेखी शब्द म्हणजे शाळा समितीचा ठराव: रक्कम एवढी, यातून अमुक गोष्टी घेता येणार नाहीत, आणि मुलं जे निवडतील ते घेतलंच जाईल. शेवटचं वाक्य नसेल तर पुढचं काही करू नका. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. उपक्रम चांगलाच आहे, पण तिथे नागरिक सुचवतो आणि ठरवतं दुसरंच कुणी. पोर्तुगालने २०१७ मध्ये सरकारी शाळांत उलटं केलं. विद्यार्थ्यामागे एक युरो, लहान शाळेला निदान ५०० युरो, प्रस्ताव मुलांचे, मतं मुलांची. रक्कम फार नाही, पण निर्णय त्यांचा. मुलांना हा फरक लगेच कळतो. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतंच, "सर, नक्की आमचंच ऐकणार ना?" तेव्हा ठराव वाचून दाखवता आला पाहिजे.

मंडळाशीही आत्ताच बोला. पैसे देणाऱ्या चाकरमान्यांच्या मनात बहुतेक वेळा एखादी वस्तू आधीच ठरलेली असते, आणि तिच्यावर 'सौजन्य' म्हणून नाव. नाव खुशाल घाला, पण ते छत्र्यांच्या स्टँडवर येऊ शकतं हे त्यांना आधी ठाऊक असू दे.

आता दर. कल्पना मागितल्या की पहिल्या तासात वॉटर कूलर, स्पीकर, क्रिकेटची मॅट, व्हॉलीबॉलची जाळी, छत्र्यांचा स्टँड, सगळं येतं. येऊ द्या. "हे जमणार नाही" असं शिक्षकांनी म्हणायचं नाही. ते कोटेशनला म्हणू द्या. पाच-सहा मुलांचा गट करा, त्यात वेगवेगळ्या इयत्ता, वेगवेगळ्या वाड्या, मुलगे-मुली सगळे हवेत. एका गटाला एक कल्पना. जागा टेपने मोजायची, दोन-तीन दुकानांतून दरपत्रक आणायचं, त्यात टेम्पोचं भाडं आणि बसवायची मजुरी धरायची, आणि दरवर्षी त्यावर किती खर्च येईल तेही लिहायचं.

खरी मजा या शेवटच्या रकान्यात आहे. एका शाळेत कूलरचा गट जोरात होता. वीजबिल कोण भरणार आणि पावसात चार-चार दिवस लाइट नसते तेव्हा काय, हे लिहायची वेळ आली आणि त्यांनी आपणच कूलर सोडून साधा फिल्टर आणि स्टीलची टाकी धरली. छत्र्यांच्या स्टँडचा दर फॅब्रिकेटरने लोखंडी अँगलमध्ये दिला होता. शाळा खाडीला लागून. वडील होडीवर जाणारी एक सातवीतली मुलगी म्हणाली, खाऱ्या हवेत हे दोन पावसाळेसुद्धा टिकायचं नाही. स्टेनलेस स्टील परवडेना, तेव्हा तिच्या गटाने पीव्हीसी पाइपचा स्टँड आखला. आमच्यापैकी एकाही शिक्षकाला ते सुचलं नव्हतं. लाकडी कपाट मागणाऱ्या गटाला वाळवीबद्दल विचारा, तेही असंच वळतं.

एक गोष्ट मात्र मताला टाकू नका. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, झाकणाचा डबा, पाणी. हे भर सभेत कुणी बोलत नाही, म्हणून बाईंनी मुलींना वेगळं बसवून विचारावं, चिठ्ठ्यांची पेटीही ठेवावी. पण त्यातून जे निघेल ते क्रिकेटच्या मॅटशी स्पर्धेत उभं करणं मला पटत नाही. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टातच आहे. ती शाळेची जबाबदारी, तिचा खर्च शाळेने दुसरीकडून करावा. (तुमच्याकडे फिल्टरची मागणी आली तर आधी नळाला पाणी येतं का ते बघा. मुलांच्या पैशांत शाळेचं काम उरकून घ्यायचा मोह मोठ्यांना फार लवकर होतो.)

मतदान थोडक्यात. प्रत्येकाला तीन मतं, ती तीन वेगवेगळ्या प्रस्तावांना द्यायची. एकच मत दिलंत तर दहावीचा वर्ग किंवा मोठी वाडी एकगठ्ठा जिंकते. गुप्त चिठ्ठी, पाचवीच्या मुलाचं मत दहावीइतकंच, आणि मोजणी फळ्यावर सगळ्यांसमोर. जास्त मतांपासून खाली येत पैसे पुरतील तेवढे प्रस्ताव घ्यायचे. हे शाळेच्या वेळातच उरका. सुटल्यावर ठेवलंत तर एसटीने जाणारी मुलं गळतात.

वेळापत्रक आपल्या हवेप्रमाणे बसवा. गणपतीची सुट्टी संपली की कल्पना, दिवाळीच्या सुट्टीत दर, कारण तेव्हा मुलं बाजारात जातातच. नोव्हेंबर अखेरीस मतदान, आणि खरेदी स्नेहसंमेलनाआधी. मार्चपर्यंत रेंगाळलं की दहावीची परीक्षा आणि शिमगा, मग कुणी हाती लागत नाही. बांधकाम किंवा रंगकाम निवडलं असेल तर तेही याच कोरड्या महिन्यांत होतं.

हिशोब स्नेहसंमेलनात मुलांनीच वाचावा, गावकीच्या बैठकीत वाचतात तसा, पावतीसकट. पालकांना ती पद्धत सवयीची आहे आणि प्रश्नही ते बिनदिक्कत विचारतात. पैसे उरले तर तेही परस्पर किरकोळ खर्चात घालू नका. आमच्याकडे एकदा चारशेच्या आसपास उरले होते. त्यावर मूळ मतदानाहून जास्त भांडण झालं, आणि अखेर खेळाच्या खोलीला चांगलं कुलूप आलं. किल्ली कुणाकडे राहणार, यावर पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.